बसता न येणारा लाकूडराव

मित्रांनो, मला दोन हात आहेत, दोन पाय आहेत, मान वळते, कंबर वाकते. आणि तरीही आजवर एक पाऊल मी स्वतःच्या मर्जीने टाकलेले नाही. माझ्या पाठीत एक लोखंडी सळई शिरलेली आहे आणि ती खाली एका गोल पाटात घट्ट बसवलेली आहे. चित्रकला शिकणाऱ्या मुलांना माणसाच्या अंगाची मापे कळावीत म्हणून वर्गात ठेवतात ना, तसला मी एक जुना लाकडी पुतळा. उंची म्हणाल तर हातभरसुद्धा नाही. मुले मला लाकूडराव म्हणतात. नावात राव आहे, पण थाट काही रावाचा नाही.

माझ्या तोंडाला नाक नाही, डोळे नाहीत, ओठ नाहीत. डोके अंड्यासारखे गुळगुळीत. मग तू पाहतोस कसा आणि बोलतोस कसा, असे तुम्ही विचाराल. खरे सांगू? मलाही ठाऊक नाही. ज्याने मुंगीला वाट दाखवली आणि मातीखालच्या बीजाला वर कुठे आहे ते कळू दिले, त्याच्या पदरी माझ्यासारख्यासाठीही चिमूटभर काही उरले असेल. त्याचे देणे हिशेबात कधी बसले आहे का?

माझा जन्म एका कारागिराच्या लाकूड कातायच्या चरकावर झाला. लाकडाचा ठोकळा गरगर फिरायचा, त्याला पटाशी लागली की भुशाचा फवारा उडायचा आणि आतून कधी मांडी निघायची, कधी दंड, कधी पोटरी. तो माणूस स्वतःशी काहीतरी गात असे, आणि हात त्या गाण्याच्या लयीत चालत. सगळे तुकडे घासून झाल्यावर त्याने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, तारांनी हातपाय ओवले आणि मला टेबलावर उभे करून तो लांब जाऊन बघत राहिला.

"झाला माणूस," तो बायकोला म्हणाला. "आता फक्त जीव घालायचा राहिला. तो काही आपल्या दुकानात मिळत नाही."

एक खोट मात्र त्याच्या नजरेतून सुटली. माझ्या मांड्यांचे सांधे जास्तच घट्ट बसले. उभा राहा, वाक, हात पसर, मान टाक, सगळे मला जमते. बसणे तेवढे जमत नाही.

कलाविद्यालयात आलो तेव्हा माझ्या अंगावर नवी झळाळी होती. रेखाटन शिकवणाऱ्या बाई मला हातात उंच धरून सांगत, "हे बघा, डोकं इतकं, धड त्याच्या इतक्या पट, कोपर इथे कमरेशी येतं. हा खोटं बोलत नाही." ते ऐकून माझी छाती फुगायची राहिली ती केवळ लाकडाची म्हणून. बाईंच्या केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली असे आणि त्या कायम पेन्सिल शोधत असत. मुले मुद्दाम सांगत नसत.

वर्षे गेली. झळाळी उतरली, पाठीवर निळ्या रंगाचा डाग पडला, एका पावलाचा टवका उडाला. काम संपले की मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावत. एकदा कोणी वात्रटाने माझा उजवा हात वर करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मोठी सुट्टी लागली. सबंध सुट्टीभर मी कपाटात हात वर करून उभा! जणू मला उत्तर येत होते आणि प्रश्न विचारायला कोणी नव्हते. हसा, हसा. पण रोज कोणीतरी येऊन तुमचा हात कुठे असावा ते ठरवायचे आणि तुम्ही तो तसाच ठेवायचा, हे कसे असते ते मला विचारा.

आता जिच्यासाठी हे सारे सांगायला घेतले तिच्याकडे येतो.

ती पहिल्या वर्षाची मुलगी. वर्गात तिला खोडरबर म्हणत, कारण काढण्यापेक्षा तिचे खोडणे जास्त. अक्षरे मात्र ती अशी लिहायची की छापल्यासारखी वाटावीत. रंगांची चक्रे, नक्ष्या, पोस्टर, सगळ्यात तिचा हात पुढे. दुसऱ्या वर्षी डिझाइनच्या वर्गात जायचे, हे तिने मनाशी पक्के केले होते. अडत होते ते एकाच ठिकाणी. तिला माणूस काढता येत नसे. खरे म्हणजे माणसाकडे बघताच येत नसे. समोर कोणी येऊन बसले की तिची नजर कागदावर जाई, आणि कागदावरून थेट माझ्यावर. मला वाकवून, वळवून, मला बघूनच ती माणसे काढायची.

बाईंनी एकदा तिचा कागद लांब धरला.

"हा माणूस आहे की खुंटी? याच्यावर टॉवेल टांगता येईल."

वर्ग हसला. तीही हसली, पण तिचे कान लाल झाले.

"बाई, मापं तर बरोबर आहेत ना?"

"मापं बरोबरच आहेत गं. म्हणून तर जास्त वाईट वाटतं." मग बाईंनी आवाज खाली आणला. "हे बघ, सुट्टीनंतर मला जिवंत माणसांवरून केलेली रेखाटनं हवीत. त्यात बसलेला माणूस हवाच. ती आली नाहीत तर डिझाइनला मी तुझं नाव पाठवू शकणार नाही. नियम आहे आणि मलाही तो पटतो."

मुलीने मान हलवली. मग विचारले, "लाकूडरावाला घरी नेऊ?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "ने. पण येताना एकट्या लाकडाला घेऊन येऊ नकोस."

असा मी प्रथमच कुलपाबाहेर पडलो. पिशवीतून डोके बाहेर काढून मी रस्ता बघितला, गाड्या बघितल्या, माणसे बघितली. वाटले, सुटलो! पण तिच्या घराच्या खिडकीत तिने मला ठेवले आणि मला कळले की कपाटे काचेचीच असतात असे नाही.

दोन खोल्यांचे घर. बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ, केस कापायच्या दुकानात असते तशी मोठी फिरती खुर्ची. पायाने दांडा दाबला की वरखाली होणारी. तिच्यात तिचे वडील बसलेले. त्यांचे चौकातच केस कापायचे दुकान होते. मग एक दिवस काम करता करता त्यांच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू गेली. दुकान सोडावे लागले. खुर्ची तेवढी त्यांनी सोडली नाही. आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते तिच्यातच असत. आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला जायची. निघण्याआधी ती गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचे पांढरे कापड घेई, नवऱ्याच्या मांडीवर पसरी आणि उजव्या हातावरून नीट ओढून टाकी. खिडकी रस्त्यावर होती ना! लोक बघत. त्या हाताबद्दल घरात कोणी बोलत नसे.

"हे पाहुणे कोण?" वडिलांनी मला बघून विचारले. जीभ जरा जड झाली होती, पण थट्टा शाबूत होती.

"लाकूडराव. कॉलेजातला आहे, बाबा."

"जेवतो का?"

"नाही."

"मग राहू दे हवा तितके दिवस."

तिने आधी बाहेर प्रयत्न केला. समोरच्या बसथांब्यावर वही घेऊन उभी राहिली. मला खिडकीतून सगळे दिसत होते. एका माणसाने तिला हेरले आणि तो जवळ आला. घरी येऊन तिने वडिलांना सांगितले, "तो म्हणाला, काय लिहितेस माझ्याबद्दल? मी म्हटलं, चित्र काढतेय. तर म्हणे, मग थांब, दाढी करून येतो. आणि बस आली नि गेला."

वडील एका बाजूने हसले. "दुकान असतं तर मीच केली असती."

मुलगी हसली नाही. आदल्याच दिवशी आईने तिला ऐकवले होते, "यंदा नाही जमलं तर माझ्याबरोबर चल. शिवणखात्यात जागा आहे. किती दिवस कागद रंगवत बसणार?" आई दुष्ट नव्हती, मित्रांनो. दमलेली होती.

मग मुलगी माझ्यापुढे बसली. माझ्यावरून एक माणूस काढला, खोडला. दुसरा काढला, खोडला. शेवटी तिने मला पाडलेच. म्हणजे आडवे घेतले आणि माझी मांडी दोन्ही हातांनी दाबू लागली. कट् असा आवाज आला.

"अगं, अगं! ऑपरेशन करतेस की काय त्याचं?" वडील म्हणाले.

"बसतच नाही हा. बाईंना बसलेला माणूस हवाय."

वडिलांनी मान तिच्याकडे वळवली.

"बसलेला माणूस हवाय तुला?"

"हो ना."

"बाळ, मग सकाळपासून मी दुसरं काय करतोय?"

मुलीने वर बघितले नाही. माझ्या मांडीवरचा तिचा अंगठा पांढरा पडला होता.

"तुम्ही दमाल, बाबा."

"बसून?"

"तसं नाही. एकाच जागी, न हलता..."

"जन्मभर मी लोकांना सांगत आलो, हलू नका, कान जाईल. आता माझी पाळी. घे पेन्सिल. आणि माझ्यासारखं न हलणारं गिऱ्हाईक तुला गावात शोधून सापडायचं नाही."

मग तिला नाही म्हणता येईना. तिने रेखाटनाच्या लाकडी फळ्याला कागद लावला. मला खिडकीत उभे केले आणि सुरुवात केली. डोके, मान, खांदे, खुर्चीची पाठ. तिची नजर वडिलांवर जाई आणि विस्तवाला लागल्यासारखी परत येई. पण हात सावरत गेला. बऱ्याच वेळाने वडिलांनी डावा हात पुढे केला. तिने फळा त्यांच्या मांडीवर टेकवला.

"तोंड बरं जमलंय. मिशी जरा जास्त दाट केलीस, ते चालेल. खुर्ची तर फक्कड. पायाचा दांडापण आहे की!" ते थांबले. "आणि हा हात?"

"तुमचा."

"माझा?"

कागदावर खुर्चीच्या डाव्या दांडीवर एक हात होता आणि उजव्या दांडीवर दुसरा. दोन्ही सारखे, दोन्ही तयार.

"छान आहे," वडील म्हणाले. "कात्री उचलायला निघालाय. असा मिळत असेल तर आत्ताच घेतो मी."

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. "तिथे कापड होतं, बाबा. दिसत नव्हता. म्हणून मी लाकूडरावाचा बघून..."

होय, मित्रांनो. तो हात माझा होता. माझा गुळगुळीत, सगळ्या मापांत बरोबर असलेला लाकडी हात तिने आपल्या जन्मदात्याला लावून टाकला होता. त्या क्षणी मला वाटले, कोणीतरी माझी सळई काढावी आणि मला अडगळीत टाकावे.

वडिलांनी डाव्या हाताने कापडाचे टोक धरले. ते पटकन निघेना. ओढत ओढत त्यांनी ते जमिनीवर पाडले.

"हा बघ. हा आहे."

ती बघेना.

"पोरी, डॉक्टर येतात ते घड्याळाकडे बघतात. शेजारी येतात ते भिंतीकडे बघतात. तुझी आई कापड टाकते ती दुसरीकडे तोंड करून. तू तर खोलीत आलीस की थेट आतल्या दाराकडे जातेस. मी या खुर्चीत आहे हे माझं मलाच सांगावं लागतं. एकदा नीट बघ. मग काढ, नाहीतर नको काढूस."

ती रडली का? रडली. तोंड पुसले, स्टूल जवळ ओढले आणि पायाने दांडा दाबून खुर्ची जरा वर घेतली, म्हणजे हात खिडकीच्या उजेडात आला. मग तिने बघितले. बोटे आत वळलेली. अंगठा त्यांच्या खाली दडलेला. मनगट असे फिरलेले की कोणाला काही देऊ करता करता थांबले असावे. हजारो डोक्यांवरून प्रेमाने फिरलेला, देवाने दिलेला आणि देवानेच थांबवलेला हात. तिची नजर आता परत येत नव्हती. ती तिथेच राहिली, आणि पेन्सिल तिच्या मागोमाग चालली. चुकले तर ती त्याच्या शेजारी दुसरी रेघ ओढी. एकदाही खोडले नाही.

"मान उजवीकडे घेऊ?"

"नको. हलू नका, कान जाईल," ती म्हणाली, आणि दोघेही हसले.

तेवढ्यात आई आली. खांद्याला पिशवी, पायांत चपला तशाच.

"हे काय? कापड का काढलंत?"

"उकडत होतं," वडील म्हणाले.

आईने फळा बघितला आणि ती दारातच थिजली. "हे कॉलेजात न्यायचं नाही. सांगून ठेवते. भिंतीवर टांगतील, चार लोकं जमतील, विचारतील. तुझ्या बाबांची शोभा करायची नाही."

"मग मी काय दाखवू, आई?"

"दुसरं काहीतरी काढ. तो बाहुला काढ."

"त्या बाहुल्यापायीच मी नापास होतेय!"

"अगं, हात माझा आहे ना?" वडील मध्येच म्हणाले. "मग मला विचारा की कोणीतरी."

"तुम्ही गप्प बसा हो. तुम्हाला कळत नाही, लोक कसे..."

"मला सगळं कळतं. जीभ जड झालीय, डोकं नाही. रोज सकाळी तू ते पांढरं अंगावर ओढतेस ना, तेव्हा मला वाटतं, मी गेलो आणि मलाच कोणी कळवलं नाही."

मी खिडकीत उभा होतो, आणि मला पहिल्यांदाच वाटले की या खोलीत सळई माझ्या एकट्याच्याच पाठीत नाही.

आईने मुलीच्या हातातला फळा काढून घेतला. कुठेतरी कपाटामागे ठेवायचा म्हणून घेतला असावा, कारण ती आत वळलीसुद्धा. पण वळताना तिची नजर कागदावर पडली. ती थांबली. फळा खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिली. मग कागदावर बोट ठेवून म्हणाली,

"नखं एवढी वाढलीत?"

कागदावर होतीच ती. मुलीने जसे दिसले तसे काढले होते. करंगळीचे नख तर वाकून तळव्यात रुतलेले.

"एवढी वाढलीत, आणि मी..." आईने फळा मुलीकडे दिला. आत जाऊन दुकानाची जुनी पेटी आणली, तिच्यातून छोटी कात्री काढली आणि ती खुर्चीपाशी जमिनीवर बसली. तो हात तिने उचलून आपल्या मांडीवर घेतला. एकेक बोट हळूहळू उलगडायला बराच वेळ लागला. करंगळीखाली लाल खूण होती. आईने तिच्यावर फुंकर घातली.

"दुखतं का हो?"

"तिथे कळत नाही मला."

"बोलायचं ना."

"कोणाशी?"

आईने डोळे दंडाला पुसले. "गप्प बसा. हलू नका."

मुलीने आवाज न करता नवा कागद लावला. आईने ते बघितले आणि पुढचे बोट धरले. वाकलेली पाठ, मांडीवरचा हात, कात्रीचे टोक, आणि वरून बघणारा एका बाजूने हसणारा चेहरा. तो कागद करताना मुलीने माझ्याकडे एकदाही वळून पाहिले नाही. मला मुळीच वाईट वाटले नाही. खरे सांगतो, आयुष्यात इतके सुख मला कधी झाले नव्हते.

मी परत आलो तो कागदांच्या गुंडाळीसोबत, त्याच पिशवीत. बाईंनी एकेक कागद टेबलावर पसरला. बसथांब्यावरचा अर्धवट माणूस झाला, मग तो हात आला. बाई कागदावर वाकल्या. वर्गातली मुले मागे येऊन उभी राहिली.

"नखं वाढलीयत," बाई हलकेच म्हणाल्या.

"आईने कापली. पुढच्या कागदावर आहे."

बाईंनी पुढचा कागद काढला. मग चष्मा काढून पुसला आणि सगळे कागद पुन्हा नीट लावून तिच्या हातात दिले. "आईला विचारलंस, हे इथे आणू का म्हणून?"

"हो. ती म्हणाली, ने. पण बाबांना विचारलंस का, असं तिने आधी विचारलं."

"आणि बाबा?"

"म्हणाले, मिशीचं सांग त्यांना. एवढी दाट नाही."

तिचे नाव डिझाइनच्या वर्गासाठी गेले. मी माझ्या कपाटात गेलो. कुलूप लागले. काही चमत्कार घडला असे समजू नका, मित्रांनो. वडिलांचा हात अजून तसाच आहे, खुर्ची तिथेच आहे, आई अजून दमून घरी येते. ही सगळी खबर मला ती मुलगीच देते. जाता येता कपाटाच्या काचेवर टिचकी मारते आणि चार गोष्टी सांगून जाते. पांढरे कापड आता तिची आई भाजी निवडताना मांडीवर घेते म्हणे.

मी मात्र इथेच उभा. म्हणून तुमच्याकडे थोडे मागणे आहे. माझ्या सांध्यांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या, अंगावरची धूळ पुसा, आणि मापे हवी तितकी घ्या. ती द्यायलाच मी बनलो आहे. पण माणूस माझ्याकडून घेऊ नका, तो माझ्यापाशी नाही. तुमच्या घरात कोणी खुर्चीत किंवा खाटेवर दिवस काढत असेल, तर त्याच्यासमोर जाऊन जरा बसा. चित्र आले पाहिजे असे नाही. नुसते नीट बघा. कदाचित त्याची नखे वाढली असतील.